मावशी आरवलीला अडकली आहे आणि मी बीच बॉईज ऐकतोय

कुळागर (रात्री 9:35)

मंडळी, शीर्षक थट्टेचं वाटेल, पण परिस्थिती अक्षरशः तीच आहे.

माझी मावशी आज सकाळी दादरला मांडवी एक्स्प्रेसमध्ये बसली. आईची धाकटी बहीण, सत्तरी ओलांडलेली, मधुमेह, आणि एकटीनेच प्रवास करायची हौस. परवा आमच्या गोव्यातल्या माशेलला देवकीकृष्णाच्या देवळात चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव आहे, त्यासाठी ती दरवर्षी येते. रात्री करमळीला उतरायची होती. दुपारी पुढे कुठेतरी रुळावर माती आली म्हणून गाडी आरवली रोडला उभी केली, ती अजून तिथेच आहे. 139 वर विचारलं तर 'काम सुरू आहे' यापलीकडे काही हाती लागत नाही.

मावशीचा शेवटचा मेसेज साडेसातचा, जसाच्या तसा देतो: 'बॅटरी संपत आली. पँट्रीवाल्याने गरम उपमा दिला. एकादशीसाठी आणलेले राजगिऱ्याचे लाडू समोरच्या पोरांना देऊन टाकले, रडत होती. गोळी घेतली. तू उगाच गाडी काढून येऊ नकोस.' त्यानंतर फोन बंद. ते शेवटचं वाक्य नसतं तर मी एव्हाना बांदा ओलांडून गेलो असतो.

आई देवापाशी बसली आहे. मी सोप्यावर. डाव्या कानात इअरफोन, उजवा कान मोकळा, कारण फोन वाजला तर कळायला हवा. आणि त्या डाव्या कानात 'पेट साउंड्स', 1966 सालची बीच बॉईजची एलपी.

दोनतीन गाणी झाल्यावर लक्षात आलं की एका कानाने ऐकूनही काहीच सुटत नाहीये. सुटणार कसं? ही एलपी मोनोच आहे, दोन्ही कानांत एकच आवाज. ती बांधणाऱ्या ब्रायन विल्सनला लहानपणापासून उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं. जन्मापासून की वडिलांच्या माराने, यावर दोन मतं आहेत. वडील मारकुटे होते यावर मात्र एकच. तर या माणसाने सगळं संगीत एका वाहिनीत, म्हणजे त्याला जसं ऐकू यायचं तसं रचलं. त्याची अधिकृत स्टीरिओ आवृत्ती यायला 1997 साल उजाडलं.

ज्यांना बीच बॉईज म्हणजे कळंगुटच्या शॅकवर वाजणारी ऊन-वाळू-लाटांची गाणी एवढंच माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडं. तीन विल्सन भाऊ, एक आतेभाऊ आणि एक मित्र असा कॅलिफोर्नियातला बॅंड. लाटांवरची गाणी म्हणणाऱ्या या टोळक्यात खरोखर सर्फिंग करणारा एकटा डेनिस. ब्रायन थोरला, गाणी रचणारा, आणि आतून सतत धास्तावलेला. 23 डिसेंबर 1964 ला लॉस एंजेलिसहून ह्यूस्टनला जाणारं विमान सुटल्यावर काही मिनिटांतच तो कोसळला. रडणं, ओरडणं, सगळं. बाविसाव्या वर्षी. त्यानंतर त्याने दौरे सोडले. त्याच्या जागी आधी ग्लेन कॅम्पबेल, मग ब्रूस जॉन्स्टन आला. 1966 च्या जानेवारीत बाकीचे जपानच्या दौऱ्यावर होते आणि हा घरी बसून 'पेट साउंड्स' उभा करत होता. शब्दांसाठी टोनी ॲशर नावाचा जाहिरातींचा मजकूर लिहिणारा माणूस, वाजवायला हॉलिवूडचे पगारी वादक. ड्रमवर हॅल ब्लेन. बास गिटारवर बऱ्याच गाण्यांत कॅरल केय, म्हणजे त्या खोलीभर पुरुषांत एक बाई.

मला आज यात जे ऐकू आलं ते सांगायला हा धागा. ही गाणी वरून गोड आहेत. भावांचे गळे एकमेकांत असे मिसळलेले की कोण कुठला कळू नये. पण खाली बासकडे कान द्या. कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्याचा, जो मूळ सूर, त्यावर बास पडायला हवा, तर ब्रायन त्याला मुद्दाम दुसऱ्याच सुरावर उभा करतो. वर सगळं आलबेल आणि तळाला पाय नीट टेकलेला नाही. 'गॉड ओन्ली नोज' तर कुठल्या पट्टीत आहे यावर जाणकार अजून वाद घालतात. काळजीत असताना लोक सांगतात, काहीतरी आनंदी ऐक. आनंदी गाणं मला आज सहन होणार नाही, आणि रडकं गाणं लावलं तर आईला वाटेल काही बातमी आली. इथे घाबरलेल्या माणसाने आपली धास्ती इतकी टापटीप रचून ठेवली आहे की तिच्या शेजारी बसता येतं.

बाकी योगायोग असा की याच एलपीत बहामाच्या बाजूचं एक जुनं लोकगीत आहे, 'स्लूप जॉन बी'. आजोबांबरोबर बोटीवर निघालेला मुलगा, सफरीचा पुरता विचका, आणि मला घरी जाऊ द्या ही विनवणी. ते मात्र मी पुढे ढकललं.

आणि एक गंमत. दुसऱ्या गाण्याच्या शेवटाकडे सायकलची घंटी आणि भोंगा वाजतो. आधीच्या वेगळ्या शब्दांच्या खर्ड्यातून ते राहून गेले म्हणतात. ऐन हळव्या जागी हा पाव विकणाऱ्या पोदेराचा पॉं-पॉं! दरवेळी मी दचकून फाटकाकडे बघतो.

तुम्ही अशा रात्री काय करता? काय ऐकता? आणि कोकण रेल्वेची खरी माहिती कुणाकडे असेल तर कृपया आधी ती द्या.

रूळकरी (9:48)

आधी रेल्वे, गाणी नंतर.

1) मावशींना गाडीतच बसू दे. रात्री पावसात उतरून महामार्गावर एसटी शोधण्यापेक्षा ते शंभरपट बरं. स्थानकात उभी गाडी म्हणजे दिवे, पाणी, संडास, पोलीस, सगळं हाताशी.
2) मांडवीला पँट्री आहे आणि ती खाण्यासाठीच नावाजलेली गाडी आहे. उपाशी राहणार नाहीत.
3) गाडी थांबवली म्हणजे यंत्रणा चालते आहे असं समजा. पावसाळ्यात गस्तवाले रात्रंदिवस रूळ चालून बघतात, मुसळधार असेल तर गाड्या ताशी 40 किलोमीटरवर आणतात, आणि शंका आली की मागच्याच स्थानकात रोखतात.

उशीर मात्र होणार. रोहा-वीर हा तुकडा सोडला तर मार्ग जवळपास सगळा एकेरी. माती काढली तरी दोन्ही बाजूंना खोळंबलेल्या गाड्या एकेक करून सोडाव्या लागतात. 2024 च्या जुलैत दिवाणखवटीजवळ दरड आली तेव्हा मार्ग सुरू व्हायला जवळपास पूर्ण दिवस गेला होता. त्याच्या काही दिवस आधी पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल शिरून वेगळाच गोंधळ. आजचं प्रकरण तेवढं मोठं दिसत नाही.

तिरफळ (9:55)

मावशी अंधारात, आई देवापाशी, आणि चिरंजीव कानात बोळा घालून अमेरिकन बासचं रसग्रहण करताहेत. धन्य!

अबोलीची वेणी (9:58)

तिरफळ, मग त्यांनी काय रूळ साफ करायला जायचं का?

माझे बाबा एकदा असेच राजापूर रोडला अडकले होते. मी रात्रभर भांडी घासली. घासलेलीच परत घासली. प्रत्येकाचं वेगळं असतं.

निशाचर (10:01)

2003 ला वैभववाडीला काय झालं आठवतंय ना? तेव्हापासून मी पावसाळ्यात या मार्गाने...

अबोलीची वेणी (10:02)

अहो निशाचर!! वेळ काळ काही आहे की नाही? संपादक, प्रतिसाद उडवा.

रूळकरी (10:06)

उडवू नका, उत्तर देतो. वैभववाडीला धावती गाडी खाली आलेल्या मातीवर गेली. इथे गाडी उभी आहे. त्या आणि 2004 च्या अपघातानंतरच पावसाळी वेळापत्रक, वेगमर्यादा, डोंगरउतारांना जाळ्या हे सगळं गांभीर्याने आलं. आज मावशींचा खोळंबा झालाय तो त्याच काळजीपोटी.

कुळागर (10:10)

रूळकरी, मनापासून आभार. निशाचर, तुमच्यावर राग नाही, मामांनी फॅमिली ग्रुपवर याहून भारी काम केलं आहे. दरड कोसळतानाचा व्हिडिओ टाकलाय, खाली 'आरवलीजवळ, आत्ताचा' असं लिहून. अर्धा डोंगर रुळावर येतो आणि समोर इंजिन उभं. आईने तो बघितला. तेव्हापासून ती बोलत नाहीये.

तिरफळ, इअरफोन एकाच कानात आहे. दुसऱ्या कानाने तुमचंही ऐकतोय.

रूळकरी (10:12)

व्हिडिओत रुळांच्या वर तारा दिसतात का? बाजूला खांब?

कुळागर (10:15)

परत बघितला. खांब नाहीत. तारा नाहीत. इंजिन धूर सोडतंय.

रूळकरी (10:17)

मग आत्ताच आईंना सांगा, हा व्हिडिओ आजचा असूच शकत नाही. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण मार्च 2022 मध्ये पूर्ण झालं. रोह्यापासून ठोकूरपर्यंत आता खांब नसलेला तुकडा दाखवा आणि माझ्याकडून जेवण घ्या. मामांना निरोप द्या, पुढच्या वेळी दरड टाकण्याआधी वर बघा.

कुळागर (10:24)

आईला सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला, 'हा रूळकरी कोण रे? लग्न झालंय?' म्हणजे आई ठीक आहे.

खेडशीकर (10:31)

रत्नागिरीत पाऊस आता बराच उतरलाय. संध्याकाळी मात्र विचारू नका. माझा मेव्हणा माखजनला असतो, तिथून आरवली स्टेशन फार लांब नाही, आणि तो उशिरापर्यंत जागा असतो. डबा आणि सीट नंबर व्यनि (खासगी निरोप) करा. जमलं तर एक फेरी मारून येईल.

कुळागर (10:33)

व्यनि केला. देव बरें करूं, दादा.

तानपुरा (10:40)

तुम्ही राहता माशेलला. थोड्या अंतरावर केरी, केसरबाईंचं गाव. पलीकडे मंगेशी, अभिषेकीबुवांचं. आणि संकटसमयी आठवले कॅलिफोर्नियाचे पोरगे? सूर मूळ जागेवर नसणं यात विशेष ते काय. आमच्याकडे सा सोडून कुठेही जा, तंबोरा मागे सा धरून बसलेला असतोच. तुमच्या ब्रायनने तंबोराच हलवला म्हणायचं का?

केसरबाईंची भैरवी 1977 पासून व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत आहे. पहिलं व्हॉयेजर आज माणसाने बनवलेली सगळ्यांत दूर गेलेली वस्तू आहे. याने गेली ऑगस्ट-सप्टेंबरात, बाई त्याच सप्टेंबरात वारल्या. मावशी निदान आरवलीतच आहेत.

कुळागर (10:47)

तानपुरा, 'तंबोराच हलवला' हे मला अर्धा तास लिहून जमलं नव्हतं. हो, नेमकं तेच. वरचे सगळे शांतपणे गाताहेत आणि खालचा तंबोरा बोटभर सरकलेला. गाणाऱ्यांना पत्ता नाही असं वाटतं, पण एकाला आहे.

केसरबाई आज का नाही, तर त्या मला पूर्ण मागतात. एका कानाने केसरबाई ऐकणं म्हणजे बाईंसमोर पाय पसरून बसणं. मायक्रोफोनवर विश्वास नसलेली बाई, माझ्या इअरफोनवर काय ठेवणार!

सायंतारा (10:58)

व्यवसायाने समुपदेशक आहे, म्हणून थोडं खडूस लिहिते. धागा आवडला, तरी 'घाबरलेल्या माणसाने धास्ती रचून ठेवली' या ओळीवर मी अडले. याच वाटेने पुढे लोक म्हणायला लागतात की आजार होता म्हणून कला होती.

ब्रायन विल्सनला बाविशीच्या आसपासपासून आवाज ऐकू यायचे, त्याला धमकावणारे. पुढे निदान झालं स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डरचं. आजाराने त्याला काय दिलं ते बघू. 'पेट साउंड्स'नंतर त्याने 'स्माईल' नावाचा महाप्रकल्प घेतला. त्यातल्या आगीवरच्या एका तुकड्यासाठी नोव्हेंबर 1966 मध्ये वादकांना खेळण्यातल्या अग्निशामक टोप्या घालायला लावल्या. त्याच सुमारास जवळच्या इमारतीला आग लागली, आणि आपल्या संगीतानेच ती लावली या भीतीने तो तुकडा त्याने बाजूला टाकला. 1967 च्या मे महिन्यात सगळा प्रकल्पच गुंडाळला. मग अंथरूण, अमली पदार्थ, वाढतं वजन. मग युजीन लॅंडी नावाचा मानसोपचारवाला, ज्याने उपचाराच्या नावाखाली त्याचा दिवसरात्र ताबा घेतला आणि गाण्यांच्या श्रेयातही वाटा घेतला. 1989 मध्ये लॅंडीला परवाना सोडावा लागला, 1992 मध्ये कोर्टाने त्याला ब्रायनपासून लांब राहायला सांगितलं.

'स्माईल' पूर्ण झालं ते 2004 साली, लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये. तेव्हा तो साठी ओलांडलेला, योग्य औषधांवर, मेलिंडाशी लग्न झालेला, भोवती त्याला जपणारे तरुण वादक. म्हणजे आजाराने जे सदतीस वर्षं अडवून धरलं ते उपचारांनी आणि माणसांनी सोडवलं. त्याच्या हातात कौशल्य आजाराआधीपासून होतं. विसाव्या वर्षीच तो भावांचे गळे एकेक करून बसवत होता.

कुळागर (11:09)

सायंतारा, मान्य, आणि खडूस अजिबात वाटलं नाही. मी 'रचून ठेवली' म्हणालो तेव्हा कौशल्यच डोळ्यांसमोर होतं. सेशनच्या टेपा ऐकल्यात का तुम्ही? गाणं मध्येच थांबवून तो म्हणतो, ते तिथे तसं नको, असं वाजव. वादक त्याच्याहून वयाने मोठे, मुरलेले, आणि हा तेवीस वर्षांचा मुलगा कुणाचा सूर कुठे घसरला हे त्या सगळ्या गदारोळात एका कानाने पकडतो. तिथे भीतीचा मागमूस नाही. खोलीत असेपर्यंत तो राजा होता. दाराबाहेर विमान होतं.

एका जागी मात्र तुमच्याशी थोडा असहमत. ज्याला कधी धास्ती शिवलीच नाही त्याने ती गाणी तशीच केली असती, हे मला आजच्या रात्री तरी पटत नाही. उद्या विचारा.

सायंतारा (11:13)

उद्या विचारते. आज तुम्ही पाणी प्या आणि आईंना झोपवा.

तिरफळ (11:20)

एक प्रामाणिक प्रश्न, टोमणा नाही. मी यूट्यूबवर लावलं. पहिलं गाणं चांगलं लग्नाच्या वरातीसारखं सुरू होतं की. यात धास्ती कुठे आहे?

कुळागर (11:24)

त्या गाण्यात मुलगा म्हणतोय काय, की आपण मोठे असतो तर किती बरं झालं असतं, मग एकत्र राहता आलं असतं. म्हणजे सगळं 'असतं'वर चाललेलं आहे, आज हातात काही नाही. आणि ड्रम त्यावर नाचताहेत. शेवटचं 'कॅरोलाइन, नो' लावा, ते ब्रायनने एकट्याने गायलंय. सुरुवातीला ठक्-ठक् येतं ते हॅल ब्लेन पाण्याच्या रिकाम्या मोठ्या बाटलीवर वाजवतोय.

खेडशीकर (11:41)

मेव्हण्याचा फोन. मावशी भेटल्या. ठणठणीत आहेत. खिडकीशी टॉर्च मारून नाव विचारलं तर त्यांनी आधी याचंच नाव, गाव आणि वडिलांचं नाव विचारून घेतलं, मग खिडकी उघडली. पॉवरबॅंक दिली आहे. थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा दिला. 'माझ्या भाच्याला सांग झोप' असा निरोप आहे.

अबोलीची वेणी (11:42)

मला इथे रडू आलं. खेडशीकर, मेव्हण्यांना दंडवत.

कुळागर (11:50)

बोललो. पाच मिनिटं. त्यातली चार तिने मला शिव्या घातल्या, कारण परक्या माणसाला पावसात रात्री बाहेर काढलं. समोरची पोरं तिच्या मांडीवर झोपली आहेत. त्यांची आई वरच्या बर्थवर. डब्यात कुणीतरी अभंग म्हणतंय, कुणीतरी त्याला गप्प बस म्हणतंय.

खेडशीकर, काय बोलू. पॉवरबॅंक परत पाठवायची सोय करतो, सोबत कुळागरातल्या सुपाऱ्या आणि एक फणस, नाही म्हणू नका.

रूळकरी (11:58)

छान. आता माझा राहून गेलेला प्रश्न. 'कॅरोलाइन, नो' मीही लावलं. शेवटी रेल्वे जाते आणि कुत्री भुंकतात. कुठली गाडी?

कुळागर (रात्री 12:04)

मी वाटच बघत होतो हे कोण विचारतंय. कुत्री ब्रायनची, बनाना आणि लुई. गाडीचा आवाज एका ध्वनिपरिणामांच्या तबकडीवरून घेतलेला. म्हणजे गाडी आणि कुत्री एकमेकांना कधी भेटलेलीच नाहीत.

रूळकरी (12:09)

भोंगा जवळ येतो तेव्हा चढा आणि पुढे गेल्यावर उतरलेला, म्हणजे रुळाच्या कडेला मायक्रोफोन घेऊन उभं राहून केलेलं खरं ध्वनिमुद्रण आहे. चार वेळा ऐकलं. गाण्यांतलं मला फारसं कळत नाही, पण या माणसाने एलपी संपवायला रेल्वे निवडली याबद्दल त्याचे शंभर गुन्हे माफ.

तानपुरा (12:15)

रूळकरी, तुमच्यासाठी केसरबाईंच्या भैरवीच्या शेवटी इंजिन जोडून घ्यावं लागेल.

मी ऐकलं 'गॉड ओन्ली नोज'. दोनदा. तंबोरा हलवलाय हे खरं. शेवटी तीन आवाज एकाच ओळीत एकमेकांच्या मागून येत राहतात आणि कुणीच सम गाठत नाही, ते आवडलं. यापेक्षा जास्त कौतुक माझ्याकडून आज मिळणार नाही.

कुळागर (12:19)

शेवटच्या त्या फेऱ्यांत बाकीचे भाऊ नाहीत म्हणे, ब्रायन आणि ब्रूस जॉन्स्टन दोघेच, तिनांतले दोन आवाज ब्रायनचेच. मुख्य गाणारा कार्ल, तेव्हा एकोणीस वर्षांचा. ब्रायनने आपलं सर्वांत चांगलं गाणं धाकट्या भावाला दिलं. डेनिस 1983 मध्ये बुडून गेला, कार्ल 1998 मध्ये कर्करोगाने. थोरला, सगळ्यांत आधी जाईल असं ज्याच्याबद्दल प्रत्येकाला वाटायचं, तो जून 2025 पर्यंत जगला. ब्याऐंशी पूर्ण, त्र्याऐंशीला थोडे दिवस कमी.

आईने आत्ता विचारलं काय ऐकतोस. तिच्या कानात घातलं. म्हणाली, चर्चमध्ये म्हणतात तसं आहे, चांगलं आहे, पण मावशीचा फोन आला तर मला कसं ऐकू येणार, काढ ते.

रूळकरी (पहाटे 2:40)

कुणी जागं असेल तर: मार्ग मोकळा झाल्याचं कळतंय. आरवली ते संगमेश्वर गाडी पुढे सरकलेली ॲपवर दिसते. समोरून दोन गाड्या येणार, म्हणजे संगमेश्वरला किंवा रत्नागिरीला परत थांबा पडेल. घाबरू नका.

कुळागर (2:44)

जागाच आहे. मावशीचा मेसेज: 'हलली.'

अबोलीची वेणी (सकाळी 7:15)

काय झालं? पोचल्या का? आल्याआल्या आधी हा धागा उघडला.

कुळागर (11:30)

पोचली. करमळीला साडेनऊच्या पुढे गाडी आली. फलाटावर उतरली ती त्या दोन पोरांना पत्ता लिहून देत देत. साखर मोजली, थोडी वाढलेली आहे पण डॉक्टर म्हणाले काळजी नको. आता आंघोळ करून देवळात भजनाला जाऊन बसली आहे. मी झोप म्हणालो तर म्हणाली, गाडीत काय केलं रात्रभर?

कारमध्ये तीच एलपी सुरू राहिली होती. तिने दोन गाणी ऐकली आणि विचारलं, 'हा मुलगा बरा आहे ना?' मी म्हटलं, होता, मध्ये बराच काळ नव्हता, मग झाला. तिने मान हलवली आणि बॅगेतून तिकीट काढलं. तर आता तिचा प्रश्न सरळ रूळकरींना: बारा तास उशीर झाला, पैसे किती परत मिळतील?

रूळकरी (11:52)

शून्य. तीन तासांहून जास्त उशिराचा पूर्ण परतावा असतो, पण गाडी चढण्याच्या स्थानकावर उशिरा आली आणि प्रवाशाने प्रवासच केला नाही तर. त्यासाठी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्जही गाडी सुटायच्या आत भरावा लागतो. मावशी दादरला वेळेवर चढल्या आणि करमळीला उतरल्या. वर उपमा खाल्ला.

कुळागर (12:10)

सांगितलं. ती म्हणते, उपम्याचे पैसे तिने दिले होते, आणि तुमचा नियम तिला लेखी हवा आहे.